जुई म्हणून जुईच देणारी नर्सरी

साताऱ्याहून कोरेगावच्या रस्त्याला लागून माहुलीचा पूल ओलांडला, की पुढं थोड्या अंतरावर उसाच्या कडेनं एक कच्चा रस्ता आत जातो. तोंडाशी पत्र्याची पाटी आहे, तिच्यावर ‘सर्व प्रकारची रोपे मिळतील’ एवढंच लिहिलंय. नर्सरीला नावच नाही, त्यामुळं मलाही ते इथं देता येत नाही. आत गेलात की हिरव्या जाळीचे दोन मांडव, पाण्याची सिमेंटची टाकी, आणि पेरूच्या झाडाखाली गोणपाट टाकून पिशव्यांत माती भरत बसलेले काका.

वर्ष-सव्वा वर्षात मी इथं सहा वेळा गेले. रोपं जोमदार आहेत, दर वाजवी आहेत, पण तेवढ्यासाठी मी हे लिहायला बसले नसते. जोमदार रोपं साताऱ्यात आणखीही ठिकाणी मिळतात. इथं ज्या नावाचं रोप मागाल त्याच नावाचं मिळतं, आणि ते तेच कशावरून, हे तुमच्या तळहातावर पान ठेवून दाखवतात. याची किंमत ज्याचं एकदा चुकलंय त्यालाच कळते. माझं तीनदा चुकलं.

करंज्यातल्या आमच्या जुन्या घराच्या परसात आईचा जुईचा मांडव होता. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला. पावसाळ्यात संध्याकाळी आई आणि शेजारच्या दोघी खाली चादर धरून कळ्या काढायच्या, आणि केळीच्या सोपटात ओवलेला गजरा रात्री उशाशी फुलायचा. घर पाडून तिथं इमारत उभी राहिली, त्या गडबडीत एक फांदी कापून ठेवायचं कुणालाच सुचलं नाही. आई आता माझ्याकडं गोडोलीला असते, तिसऱ्या मजल्यावर. तिनं आयुष्यात माझ्याकडं फार काही मागितलेलं नाही. गॅलरीत जुई लाव, एवढं मागितलं.

पहिलं रोप मी रस्त्याकडेच्या एका विक्रेत्याकडून 50 रुपयांना आणलं. फूल नव्हतं, नुसता पाला. सहा महिन्यांनी कळ्या धरल्या त्या बाहेरून गुलाबी. आईनं खुर्चीतूनच सांगितलं, “ही जाई गं.” दुसरं मोबाइलवरून मागवलं, 349 रुपयांना. खोक्यावर जुई लिहिलेलं. पानं जाड, चकचकीत. वळवताना एक डहाळी मोडली तर पांढरं दूध टपटपलं. आई म्हणाली, “जुईला कुठं चीक असतो?” तिसरं एका प्रदर्शनातल्या गाळ्यावरून. कोवळ्या फांद्यांवर आणि पानांवर मऊ लव होती, मला वाटलं रोप लहान आहे म्हणून असेल. डिसेंबरात ते पांढऱ्याशुभ्र फुलांनी भरून गेलं. इतकं सुंदर की शेजारच्या बघायला आल्या. पण वास जवळजवळ नाहीच. तो कुंद निघाला.

जाई, स्टार जास्मिन, कुंद. तिघांनी मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही, त्यांना स्वतःलाच ओळखता येत नसावं. पण या तीन रोपांत दोन वर्षं गेली आणि आई 79 ची 81 झाली. रोपाला चुकीचं नाव लावून विकणं ही छोटी गोष्ट नाही, ते याच हिशेबानं मी म्हणते.

नात्यातल्या एकांनी या नर्सरीचं सांगितलं म्हणून गेल्या जूनमध्ये तिथं गेले आणि जरा तडकूनच म्हणाले, “जुई पाहिजे, पण खरी.” काकांनी मातीचे हात झटकले, आत गेले, एका वेलाची पानं असलेली डहाळी घेऊन आले आणि माझ्या हातावर ठेवली. “ताई, फूल बघून वेल घ्यायचा नसतो. फूल आठ महिने नसतं, पान कायम असतं. हितं बघा, देठापाशी.”

मी बघितलं. साधं, लंबगोल, बोटाच्या दोन पेरांएवढं पान. मग दिसलं. पान जिथं देठाला मिळतं तिथं, दोन्ही अंगांना, तांदळाच्या कणीपेक्षा जराशी मोठी अशी दोन चिमुकली पानं चिकटलेली. वासराचे कान असावेत तशी. बोट फिरवलं तर आधी लागतसुद्धा नाहीत. “हे कान असले की जुई,” काका म्हणाले. “एखाद्या पानाला नसतात, एखाद्याचा एकच असतो, गळतात पण. म्हणून पाच-सात पानं तपासायची. सगळ्या वेलावर एकाही पानाला कान नाही, असं व्हायचं न्हाय.”

मागून त्यांची सूनबाई आली. साताऱ्यात बी.एस्सी. करताना तिनं वनस्पतिशास्त्र घेतलं होतं. ती म्हणाली, शास्त्रातलं नावच तसं आहे, जास्मिनम ऑरिक्युलेटम, म्हणजे कान असलेली. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, लहानपणापासून जुईच्या मांडवाखाली खेळलेली, पण ते कान त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. घरी येऊन आईला डहाळी दाखवली. तिनं चष्मा लावला, पान उलटसुलट केलं आणि म्हणाली, “हो की. कळ्या काढताना हे बोटाला लागायचं.” तिच्या बोटांना माहीत होतं.

तेव्हापासून मी जाते ती त्या दोघांकडून शिकायला. काकांचं ज्ञान हाताचं आहे, सूनबाईचं पुस्तकाचं, आणि दोघं एकमेकांना अडवत नाहीत. माझ्या तिन्ही चुकांची पानं मी पुढच्या खेपेला पिशवीत घालून नेली होती. सूनबाईनं ती ओळीनं मांडली.

जाईचं पान म्हणजे खरं तर सात किंवा नऊ छोट्या पानांची एक काडी, समोरासमोर जोड्या आणि टोकाला एक. टोकाचं सगळ्यांत मोठं, आणि त्याच्या लगतची जोडी बऱ्याचदा बुडाशी त्याला जुळलेली असते, तीन बोटं एकत्र धरल्यासारखी. जुईशी गल्लत होण्याचं खरं तर काहीच कारण नाही. नाव फक्त जोडीनं घेतलं जातं, जाईजुई, जाईजुई, म्हणून लोकांना त्या सारख्या वाटतात. फुलंही वेगळी. जाईचं फूल मोठं, कळी बाहेरून गुलाबी झाक मारणारी. जुईचं बारीक, पण गुच्छात, आणि पाकळ्या कधी पाच, कधी सात, कधी आठसुद्धा. ही पाकळ्यांची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढं येणार आहे.

स्टार जास्मिनबद्दल सूनबाई जरा रागानंच बोलते. नावात जास्मिन असलं तरी तो जाईच्या कुळातला नाहीच. तो तगर, देवचाफा यांच्या कुळातला. म्हणून चीक. फुलाच्या पाकळ्याही तगरीसारख्या भिंगरी मारल्यागत वळलेल्या. वास छान असतो, गॅलरीला शोभतो, लावायला काहीच हरकत नाही, पण जुई म्हणून देऊ नका, एवढंच तिचं म्हणणं. जाईच्या कुळातल्या कुणालाही चीक नसतो, हा साधा नियम मला आधी माहीत असता तर माझे 349 रुपये वाचले असते. नर्सरीत पानाचा देठ मोडून बघायला काकांची पूर्ण परवानगी आहे. मी दुसरीकडं हे करून बघितलं तर तिथला माणूस चिडला.

तिनं मला आणखी एक दाखवलं ते मी विसरणार नाही. दाढीचं पातं घेतलं, जाईच्या फुलाची नळी उभी चिरली आणि उघडून उन्हात धरली. आत भिंतीला चिकटलेले दोनच पुंकेसर. मग मोगऱ्याचं फूल चिरलं, साधा एकेरी मोगरा. दोन. कुंदाचं. दोन. मग टाकीजवळ पडलेलं पारिजातकाचं फूल उचललं, केशरी देठ चिरला. त्यातही दोनच. पारिजातक जाई-जुईच्याच कुळातला आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. त्यावर तिनं सांगितलं, की 1753 मध्ये, वनस्पतींना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनं मोगऱ्याला पारिजातकाच्याच वंशात, म्हणजे कुळातल्या आणखी जवळच्या गटात, घातलं होतं, निक्टँथिस साम्बॅक म्हणून. 1789 मध्ये एटन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला जाई-जुईच्या वंशात आणून बसवलं, तेव्हा तो जास्मिनम साम्बॅक झाला. नावं देणाऱ्यांच्या मूळ पुरुषाला मोगऱ्यानं चकवलं, तर माझं काय! हे ऐकून मला खरोखर बरं वाटलं.

चमेलीचं काय, हा प्रश्न इथं येणारा प्रत्येकजण विचारतो. चमेली आणि जाई अशी दोन रोपं दोन किमतींना विकणाऱ्या नर्सऱ्या आहेत. काका सरळ सांगतात, हिंदीत चमेली, मराठीत जाई, रोप एकच. मारुतीला ज्याचं तेल वाहता ती हीच. सूनबाई एवढीच भर घालते, की जाईची एक अगदी सख्खी बहीण हिमालयाच्या बाजूला असते, आणि काही अभ्यासक तर दोघींना एकच मानतात. पण साताऱ्याच्या हवेत कुणी चमेली म्हणून काही दिलं आणि पानाची काडी सात-नऊ पानांची असली, तर ती जाई समजून घरी न्या आणि जाईचेच पैसे द्या. बटमोगरा, मदनबाण या मोगऱ्याच्याच जाती, त्याबद्दल वाद नाही. आणि सायली? मी विचारलं तर काका हसले नाहीत, गंभीरपणे म्हणाले, “कुणाच्या घरची सायली ते सांगा. पान आणा, मग बोलू.” मला हे उत्तर फार आवडलं. घराघराची नावं असतात आणि ती खोडायचा अधिकार कुणाला नाही, पण पैसे घेऊन रोप देताना पान बघूनच द्यायला हवं.

आता या नर्सरीनंही एकदा माझ्या बाबतीत चूक केली, ते सांगायला हवं. ऑक्टोबरात मी मालती मागितली. काका बाहेर गेले होते, सूनबाई बाळाला घेऊन दवाखान्यात. कामावरच्या मुलानं पिशवी दिली, तिच्या पट्टीवर मालतीच लिहिलेलं. महिन्याभरात वेल खिडकीच्या गजांवर चढला, आणि वळवताना माझ्या हाताला ओरखडे आले. पानं गळून गेली की मागं राहिलेले देठांचे बुडखे काट्यासारखे टणक होतात, ते लागत होते. मालतीला असलं काही नसतं. फूल यायची वाट न बघता मी वेल घेऊन गेले. सूनबाईनं देठ बघितले, पान मोडलं, चीक नाही म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. “मधुमालती गेली तुमच्याकडं.” पट्टी दुसऱ्या पिशवीवरून सुटून इकडं आली होती. काहीही न बोलता बदलून दिली, वर येण्याजाण्याचे 60 रुपये काकांनी बळंच हातात ठेवले. त्या दिवसापासून पट्ट्या पिशवीला न बांधता खोडाला सैल तारेनं अडकवतात.

मालती, मधुमालती आणि माधवी या तिघींनी मराठीत जेवढा घोळ घातलाय तेवढा जाई-जुईनंही घातलेला नाही. नावं ऐकली तर सख्ख्या बहिणी वाटतात, पण तिघींची कुळं तीन. मालती चिकाची, तगरीच्या गोतातली, पांढऱ्या सुवासिक फुलांची. त्यातही संस्कृतात मालती म्हणजे जाई असाही अर्थ आहे, त्यामुळं स्तोत्रातल्या मालतीवरून नर्सरीत रोप मागू नका. मधुमालती ही ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा यांच्या कुळातली. तिच्या लांब नळीच्या लोंबत्या फुलांचा रंग बदलतो ते सगळ्यांनी बघितलेलं असतं. संध्याकाळी उमलताना पांढरी, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. पांढरी असताना रात्री लांब सोंडेचे पतंग येतात. मी एका रात्री एका मधुमालतीपाशी दिवा बंद करून बसले होते तेव्हा दोन आले, पाखरासारखे हवेत थांबून रस पीत होते. हिचं जुनं शास्त्रीय नाव क्विसक्वालिस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘कोण? कसला?’. सतराव्या शतकात इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर राहून तिथल्या वनस्पतींचं वर्णन करणाऱ्या रंफियसनं दिलेलं. नावातच प्रश्न असलेली वेल आपल्याकडं चुकीच्या पट्टीनं यावी, याचं मला नवल वाटलं नाही. आता तिला शास्त्रात कॉम्ब्रेटम इंडिकम म्हणतात.

आणि माधवी, म्हणजे आपली हळदवेल. काहीजण तिलाच मधुमालती म्हणतात, म्हणून आणखी गोंधळ. फुलाच्या पाच पाकळ्या कडेला झालर लावल्यासारख्या, चार पांढऱ्या आणि एकीवर पिवळा डाग. फळाला तीन पंख. काकांच्या बांधावर आंब्यावर चढलेली एक जुनी हळदवेल आहे, तिचं वाळलेलं फळ त्यांनी वर फेकलं तर गरगर फिरत खाली आलं. मला ती हवीच होती. काकांनी दिली नाही. “गॅलरीतला नव्हं हा, झाड लागतं ह्याला. तुमच्या गजांचं काय खरं न्हाय.” विकायला बसलेला माणूस नको म्हणतो, ही गोष्ट मी इथंच बघितली.

सासरा-सूनेचा खरा मतभेद एकाच वेलावर आहे, रानजाईवर. पाऊस सरता सरता यवतेश्वरच्या घाटात कुंपणांवर पांढरे घोस दिसतात, त्याला काकांचं अख्खं गाव रानजाई म्हणतं. सूनबाई म्हणते, फुलाला नळी नाही, पाकळ्या म्हणतो त्या चारच, मधे पुंकेसरांचा झुपका. जाईला दोनच असतात ना? बी धरल्यावर तर त्याला पिसासारख्या शेपट्या फुटतात, म्हणून मोरवेल हे नाव बरोबर. काकांनी तिचं ऐकून घेतलं, पण आज्जीनं शिकवलेलं नाव सोडायला ते तयार नाहीत. पट्टीवर आता दोन ओळी आहेत. वर ‘रानजाई’, खाली ‘मोरवेल. जाईच्या कुळातली नाही’. रानातली खरी जाईकुळातली म्हणजे कुसर. उन्हाळ्यात घाटातून जाताना जो गोड वास गाडीत शिरतो तो तिचा. इथं तिची छाट कलमाची चार-पाच रोपं असतात. रानातून उपटून आणलेलं काहीही ठेवत नाहीत, हे मी दोनदा विचारून घेतलं.

व्यवहाराचं थोडक्यात. जुई 80 रुपये, जाई 70, मालती 120. जुईची रोपं दाब कलमाची असतात, म्हणजे मूळ वेलाचीच फांदी मातीत दाबून मुळं फोडलेली, त्यामुळं आईवेल दाखवा म्हटलं तर दाखवतात. आवर्जून बघा. पिशवीतली माती पोयट्याची, जड. कुंडीत लावताना मी थोडी वाळू आणि शेणखत मिसळलं. जानेवारीत छाटणी करा, असं काकांनी लावतानाच सांगितलं होतं. मंगळवारी बंद. ऑनलाइन पैसे घेतात, पण नेट नसतं, सुटे न्या. शनिवार-रविवारी गर्दीत काकांना बोलायला सवड नसते, शिकायचं असेल तर आडवारी सकाळी जा. पावसात तो कच्चा रस्ता वाईट होतो. माझी स्कूटर गेल्या ऑगस्टमध्ये तिथं रुतली, दोघांनी उचलून काढली. थोडी खडी टाकायला हवी, हे मी त्यांना तोंडावरही सांगितलंय. आणि दिवाळीच्या सुमारास कामावरच्या मुलाकडून रोप घेऊ नका, सूनबाई असतानाच घ्या.

जुई या मे महिन्यात पहिल्यांदा फुलली. अकरा कळ्या. आईनं संध्याकाळी त्या वाटीत काढल्या, रात्री उमलल्यावर वाटी नाकाशी धरून बराच वेळ बसली. मग एकेक फूल बोटावर घेऊन पाकळ्या मोजल्या. “जुईच आहे,” म्हणाली. “पण आपल्या परसातलीला सात असायच्या. हिला पाच आहेत.”

मी हे काकांना सांगितलं तेव्हा मला वाटलं, ते म्हणतील आता पुरे झालं. त्यांनी विचारलं, “कळी टोकाला अणकुचीदार होती का बोथट?” मला सांगता येईना. त्यांच्या बायकोच्या माहेराहून, वाई तालुक्यातून आणलेला एक जुना वेल टाकीमागं आहे, त्याला सात-आठ पाकळ्यांची फुलं येतात. पण नुसत्या सांगण्यावरून फांदी दाबणार नाहीत. “आजींना घेऊन या. त्यांनी बघून हो म्हटलं की मग दाबू.” रविवारी गर्दी असते म्हणून आम्ही पुढच्या बुधवारी सकाळी जाणार आहोत. रिक्षा आतपर्यंत येते का विचारलं, तर म्हणाले, पाऊस उघडला असेल तर थेट टाकीपर्यंत.